तुडतुड्याने चाखलेला चहा

दिवस पहिला: ताइपे, दादाओचंग

भाचा तैवानमधल्या शिंचू शहरात नोकरीला लागून तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून त्याचं "मावशी, ये गं एकदा" चालूच होतं. बघण्यासारखं काय काय आहे याची लांबलचक यादीही त्याने पाठवली होती: देवळं, गरम पाण्याचे झरे, रात्रीचे बाजार. मी उलट कळवलं, मला फक्त चहा दाखव. जूनमध्ये त्याला ड्रॅगन बोट सणाची सुट्टी होती, ती धरून सात दिवस ठरले. पहिले दोन दिवस मी एकटी, पुढे तो आणि भाड्याची गाडी.

दादाओचंग हा तामसुई नदीच्या काठचा जुना व्यापारी भाग. दीह्वा रस्त्यावर पाऊल टाकलं आणि रविवार पेठेत आल्यासारखं वाटलं. सुकवलेल्या अळिंब्या, औषधी मुळ्या, खारवलेले मासे, कापडाचे तागे, आणि सगळ्यात मिसळलेला एक वास. दुकानांचे वरचे मजले पुढे काढलेले, त्यामुळे खाली सलग पडवी तयार झालेली. बाहेर धो धो पाऊस, पण छत्री न उघडता मी अर्धा रस्ता पार केला.

याच पडव्यांमध्ये एके काळी बायका ओळीने बसून चहा निवडत. 'शिनफांगचुन' नावाची १९३४ सालची एक चहाची पेढी आता संग्रहालय झाली आहे, तिथे चहा निवडण्याचं ते सगळं काम समजावून सांगितलं आहे. पसरट बांबूच्या सुपात पानं, मान खाली, बोटं काड्या बाजूला काढताहेत. माझी आजी तांदूळ निवडायला बसायची ती अगदी याच बैठकीत. पेढीच्या मागच्या खोलीत जमिनीत गोल खड्डे आहेत. त्यात कोळसा पेटवून वर राखेचा थर द्यायचा आणि टोपलीत चहा ठेवून मंद आचेवर तासन् तास शेकायचा.

मी निघताना डोक्यात 'हजारो वर्षांची परंपरा' घेऊन आले होते. पहिल्याच दिवशी ती उतरली. तैवानचा चहा म्हणजे मुळात एकोणिसाव्या शतकातला धंदा. १८५८ च्या तिआनजिन तहानंतर तामसुई बंदर परदेशी व्यापाऱ्यांना उघडलं. पाठोपाठ जॉन डॉड नावाचा स्कॉटिश व्यापारी आला, त्याच्या जोडीला चीनमधल्या शिआमेनचा ली चुनशंग. दोघांनी चीनच्या आन्शी भागातून रोपं आणवली, शेतकऱ्यांना लागवडीसाठी कर्जं दिली आणि १८६९ साली दोन जहाजं भरून २,१३१ पिकुल चहा, म्हणजे सव्वा लाख किलोच्या वर माल, थेट न्यूयॉर्कला रवाना केला. नाव दिलं 'फॉर्मोसा ऊलाँग'. ऊलाँग म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा. फॉर्मोसा म्हणजे सुंदर. पोर्तुगीज खलाशांनी या बेटाला ठेवलेलं नाव. चहा आणि कापूर यांच्या पैशाने उत्तर तैवान इतकं वर आलं, की १८९४ मध्ये प्रांताची राजधानीच ताइपेला हलली.

संध्याकाळी एका दुकानात चहा चाखायला बसले. दुकानदार मुलीने माझ्यापुढे दोन पेले ठेवले, एक उंच चिंचोळा, एक बसका. उंच पेल्यात चहा ओतला. मी तो उचलला आणि पिऊन टाकला. मुलगी काही बोलली नाही. तिने तो पेला हळूच माझ्या हातातून घेतला, पुन्हा भरला, बसका पेला त्यावर पालथा घातला, दोन्ही एकदम उलटे केले आणि रिकामा झालेला उंच पेला माझ्या नाकाशी धरला. तो फक्त वास घेण्यासाठी होता.

गल्ल्यावर बसलेल्या तिच्या आजी 'ते' म्हणत होत्या, मुलगी 'छा'. चीनच्या फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावरची आणि तैवानातली जुनी बोली चहाला 'ते' म्हणते. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द युरोपात नेला, त्याचाच इंग्रजीत 'टी' झाला. आपला चहा 'छा'च्या घराण्यातला. दोघींपैकी नात मला जवळची निघाली.

दिवस दुसरा: पिंगलिन

हा दिवस पावसाने खाल्ला. शिंदियानहून बसने डोंगरात वळणं घेत पिंगलिन. इथला चहा पाओचोंग. नावाचा अर्थ कागदात बांधलेला, कारण पूर्वी तो कागदाच्या चौकोनी पुड्यांत बांधून विकत. पान जेमतेम आंबवलेलं, पिळदार, हिरवट. चव इतकी हलकी, की पहिल्या कपाला मला नुसतं कोमट पाणी वाटलं. तिसऱ्या कपाला फुलं लागली.

गाव शांत, जरा जास्तच. इथल्या खोऱ्याचं पाणी ताइपेच्या धरणात जातं म्हणून बांधकामावर आणि शेतीवर बंधनं. त्यात २००६ मध्ये डोंगराखालून जवळजवळ १३ किलोमीटरचा बोगदा झाला आणि किनाऱ्याकडे जाणारी वाहनं गावात न शिरता खालून निघून जाऊ लागली. पूर्वी प्रत्येक गाडी इथे थांबायची, असं खानावळवाल्याने खुणांनी सांगितलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या वडेवाल्यांचं जे झालं, ते आठवलं. मी चहाचं संग्रहालय बघण्यात वेळ घालवला, परतीची बस चुकवली आणि पुढचा तास एका दुकानाच्या छपराखाली चहाच्या पाण्यात उकळलेली अंडी खात काढला. कवच तडकवून उकळतात, त्यामुळे आत संगमरवरासारखी नक्षी उमटते. दोन खाल्ली. मग आणखी एक.

दिवस तिसरा: पेइपू आणि अमेइ

ज्या चहासाठी मी आले होते तो इथला.

शिंचूपासून पाऊण तासावर ही गावं, वस्ती हक्का लोकांची, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या, स्वतःची बोली असलेल्या समाजाची. सण तोंडावर होता, म्हणून भाच्याच्या सहकाऱ्याच्या आईने आमच्यासाठी बिनमांसाच्या झोंगझी बांधून दिल्या होत्या. चिकट तांदूळ, दाणे आणि अळिंबी बांबूच्या पानात त्रिकोणी गुंडाळून उकडलेली. पान सोडताना आलेल्या वाफेने मला थेट हळदीच्या पानातल्या पातोळ्यांपाशी नेलं. वास वेगळा, पण पानात उकडलेल्या भाताची जात एकच.

अमेइच्या एका उतारावर बाग होती. बाग म्हणजे काय, गवत गुडघ्याएवढं, कोळ्यांची जाळी, झाडं खुरटी. आपल्याकडच्या बागायतदाराने नाक मुरडलं असतं. बागेच्या मालकीणबाई पन्नाशीच्या, हातात फुलाफुलांच्या बाह्या चढवलेल्या. त्यांनी एक कोंब खुडून माझ्या तळहातावर ठेवला. कळी पांढरी लवदार, पण खालची दोन पानं पिवळट, कडा तपकिरी आणि आत वळलेल्या. रोगट. मग त्यांनी दुसरं पान उलटलं. मागे हिरवट रंगाचा, तांदळाच्या कणीएवढा किडा होता. बोट जवळ नेताच तो तिरका चालत पानाच्या दुसऱ्या बाजूला गेला.

त्या तिरक्या चालीवरून मी ओळखलं. "अरे, हा तर तुडतुडा!"

माझं माहेर रत्नागिरीचं. मोहर आला की आमच्या घरात पहिली शिवी तुडतुड्याला पडते. आंब्यावरचा तुडतुडा वेगळ्या जातीचा, चहावरचा वेगळा, पण धंदा तोच: कोवळ्या भागात सोंड खुपसायची आणि रस ओढायचा. भाऊ डिसेंबरपासून पंप पाठीला लावून बागेत असतो. आणि इथे ह्या बाई सांगत होत्या, की तुडतुडे आले नाहीत तर त्यांचं वर्ष वाया जातं.

प्रकार असा आहे. तुडतुड्याने रस ओढला की पान खुरटतं आणि झाड स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्यं सोडतं. त्या वासाने तुडतुड्याला खाणारे जीव जवळ येतात. झाडाने मारलेली ही हाक असते. तीच पानं खुडून, सुकवून, बरीचशी आंबवून चहा केला की कपात मधाचा वास उतरतो. मध घातलेला नसतो, बागेत मधमाशीही नसते. फवारणी केली तर तुडतुडा मरतो आणि वासही जातो, म्हणून औषध मारायचं नाही. हवा दमट आणि उष्ण हवी, म्हणून हंगाम ड्रॅगन बोट सणाच्या आगेमागे, उन्हाळ्यात. बाकीच्या तैवानात उन्हाळी चहा दुय्यम समजतात, इथे तोच सोन्याचा. तोडणी सगळी हाताने, खुडायची फक्त कळी आणि तिच्या लगतचं एखाददुसरं पान. दिवसभर राबून टोपलीचा तळ झाकला तरी पुष्कळ.

तयार चहा त्यांनी कागदावर पसरला. पांढरा, हिरवा, पिवळा, लाल, तपकिरी असे पाच रंग एका चिमटीत. दिवाळीच्या रांगोळीची डबी सांडल्यासारखं दिसत होतं.

या चहाचं गावातलं नाव फोंगफुंग, म्हणजे वाऱ्याने फुगलेला, आपल्या भाषेत थापाड्या. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याची बाग किडीने खाल्ली. टाकून देण्यापेक्षा बघू, म्हणून त्याने चहा केला, ताइपेला नेला आणि कल्पनेपलीकडचा भाव घेऊन आला. गावात सांगितलं तर सगळे म्हणाले, थापा मारतोय. नाव चिकटलं. दुसरं नाव 'ओरिएंटल ब्यूटी', ते म्हणे इंग्लंडच्या राणीने दिलं. एका दुकानात राणी व्हिक्टोरिया होती, पलीकडच्या दुकानात एलिझाबेथ. मला तरी पहिलं नावच या दुसऱ्या गोष्टीला जास्त शोभतं असं वाटलं.

मी कुरतडलेल्या पानाचा फोटो भावाला पाठवला आणि खाली लिहिलं, इथे हे पाळतात. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "त्यांना म्हणावं, हवे तेवढे घेऊन जा. गाडीभाडं मी देतो."

दुपारी पेइपूच्या जुन्या गल्लीत लेइचा. मातीच्या खलात चहाची पानं, तीळ, शेंगदाणे घालून लाकडी दांड्याने तेल सुटेपर्यंत घोटायचं आणि वर गरम पाणी. घोटण्याचं काम गिऱ्हाइकाचं. मी पाट्या-वरवंट्याच्या घरातली, माझं कूट सगळ्यांत आधी झालं. चव तिळकूट पातळ केल्यासारखी. 'हक्कांचा प्राचीन चहा' अशी पाटी आहे. पेइपूत पर्यटकांपुढे असा खल ठेवण्याची टूम मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरची. खरी हक्का गोष्ट म्हणजे चहा खुडतानाची गाणी आणि त्यातून उभं राहिलेलं तीन पात्रांचं नाटक. चहा विकायला घराबाहेर पडलेला नवरा, मागे राहिलेली बायको आणि बहीण. ते बघायचं मात्र राहून गेलं.

दिवस चौथा: यूची, सन मून लेक

गाडी, सुट्टी आणि सुट्टीवर निघालेला अख्खा तैवान. दोन तासांचा रस्ता चार तासांनी संपला.

तळ्याचं सौंदर्य सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. मला बघायची होती माओलान टेकडी, तिच्यावरची चहाची संशोधन शाळा. चढ सोपा, दोन्ही बाजूंना चहा, आणि पानं ओळखीची: मोठी, फुगीर, गडद. आसामी जात! जपानी राजवटीत, १९२५ साली, आसामचं बियाणं इथे आणलं गेलं. ब्रिटिशांच्या काळ्या चहाला तोडीस तोड माल जपानला हवा होता, आणि यूचीची हवा, उंची, माती आसामी झाडाला मानवली. १९३६ मध्ये इथे काळ्या चहाचं प्रयोगकेंद्र निघालं. त्याचे प्रमुख आराई कोकिचिरो युद्ध संपल्यावरही परतले नाहीत आणि १९४६ मध्ये मलेरियाने इथेच गेले. टेकडीवर त्यांचं स्मारक आहे. वसाहत करणाऱ्यांच्या एका अधिकाऱ्याची आठवण स्थानिकांनी जपावी, हे मला जरा अडखळवून गेलं. भाचा म्हणाला, "इथे जपान्यांबद्दल एका घरात दोन मतं असतात, मावशी."

पुढे काळ्या चहाचा भाव पडला तेव्हा यूचीच्या शेतकऱ्यांनी चहा उपटून पोफळी लावल्या. हे ऐकल्यावर आजूबाजूच्या डोंगरांवरच्या सुपारीच्या बागा मला एकदम दिसायला लागल्या. तोवर त्या मला घरच्यासारख्या वाटल्यामुळे नजरेत आल्याच नव्हत्या. मग २१ सप्टेंबर १९९९ ची रात्र, १ वाजून ४७ मिनिटं, ७.३ तीव्रतेचा भूकंप. केंद्र इथून जवळ, चीची गावाशी. २,४०० हून अधिक माणसं गेली. पुन्हा उभं राहायचं तर कशावर, असा प्रश्न पडला तेव्हा यूचीने जुना काळा चहा बाहेर काढला. त्याच वर्षी एक नवी जातही जाहीर झाली होती, तैवान चहा क्रमांक १८, बाजारातलं नाव रुबी. आई ब्रह्मदेशाची मोठ्या पानाची, बाप तैवानच्या रानातला. जमवायला कित्येक दशकं लागली.

रुबीचा घोट घेतला की आधी दालचिनी, मग घशात पुदिना. मसाला न घालता मसाल्याचा चहा. मी दोन पुडकी घेतली, एक रुबीचं आणि एक साध्या आसामीचं. "आसाम कशाला इथून न्यायचं?" भाचा. मी म्हटलं, असू दे.

दिवस पाचवा: लूगू

तुंगतिंग ऊलाँगचं गाव. तुंगतिंग म्हणजे गोठलेलं शिखर, आणि डोंगर जेमतेम साडेसातशे मीटर. इथे काही गोठत नाही. गावकरी सांगतात, पावसात निसरड्या वाटेवरून अनवाणी चढताना पायाची बोटं आवळून धरावी लागत, त्या आवळण्यावरून नाव पडलं. १८५५ मध्ये लिन फंगछी नावाचा तरुण परीक्षा देऊन फूच्येनहून परतला आणि येताना ३६ रोपं घेऊन आला, ही इथली मूळकथा. तिला इथे कोणी हात लावत नाही.

इथला खरा देव मात्र स्पर्धा आहे. १९७६ पासून शेतकरी संघ ती भरवतो आणि हंगामाला हजारो नमुने येतात. ज्यांच्या घरी आम्ही बसलो होतो त्या चहावाल्या काकांनी आमच्यासाठी परीक्षकांचा खेळ मांडला. पांढऱ्या पेल्यांची रांग, प्रत्येकात बरोबर ३ ग्रॅम चहा, १५० मिलिलिटर उकळतं पाणी, झाकण, ६ मिनिटं. इतका वेळ भिजवला की चांगला चहाही कडवट होतो. काका म्हणाले, तेच हवं असतं, झाकलेला दोष बाहेर येतो. पेल्यांवर नाव नाही, फक्त आकडा. मग त्यांनी चमच्याने चहा घेतला आणि असा जोरदार भुरका मारला, की अंगणातला कुत्रा उठून बसला. तोंडात घोळवून पिंपात थुंकला. पुढचा पेला. भुरका. पुढचा.

आमच्या घरी बशीतून चहाचा भुरका मारला की आई डोळे वटारायची. मी भाच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे. मग आम्ही दोघांनीही मारला. हवेबरोबर चहा टाळूवर उडाला आणि वास नाकात आतून गेला. भाजलेल्या दाण्यांचा, आणि मागे गुळाच्या काकवीचा.

निकालात सगळ्यात वरचा 'विशेष', मग पहिला, दुसरा, तिसरा वर्ग, आणि त्याखाली प्लमची तीन फुलं, दोन फुलं. हरलेल्यालाही फूल मिळतं ही कल्पना मला आवडली. डबा संघाच्या मोहरेने बंद होतो आणि किंमत त्या मोहरेवर ठरते. काकांची तक्रारही तीच: लोक चहा पीत नाहीत, डबा भेट देतात, आणि सगळे परीक्षकांच्या जिभेसाठी चहा करायला लागलेत.

या स्पर्धेमागचं कारण ऐकलं तेव्हा पहिल्या दिवशीच्या गोष्टीचा धागा लागला. शंभर वर्षं हा देश चहा दुसऱ्यांसाठी करत आला. ऊलाँग न्यूयॉर्कला, काळा जपानी कंपन्यांसाठी, युद्धानंतर हिरवा उत्तर आफ्रिकेला आणि पुन्हा जपानला. स्वतः प्यायचे ते उरलंसुरलं. १९७० च्या दशकात मजुरी वाढली, तेल भडकलं, पुढे चलनही महागलं, परदेशी गिऱ्हाईक स्वस्त मालाकडे गेलं. मग सरकारने आणि संघांनी घरचं गिऱ्हाईक तयार करायचं ठरवलं. त्यासाठी स्पर्धा, त्यासाठी चहागृहं. १९८२ पर्यंत चहा तयार करण्याला कारखान्याच्या परवान्याचे नियम होते. ते गेले आणि शेतकरी आपला चहा आपल्या नावाने विकू लागला. १९८१ मध्ये वू चनतो या संशोधकाने तयार केलेल्या दोन जाती आल्या. त्यांतल्या चिनश्वान या जातीला चक्क दुधाचा वास येतो. पाच दिवस बिनदुधाच्या चहावर काढलेल्या बाईला हा वास म्हणजे माहेरची चिठ्ठी.

आज तैवान चहा निर्यात करतो त्याच्या कितीतरी पट आयात करतो, पुष्कळसा व्हिएतनामहून. तिकडच्या बागांतही तैवानी भांडवल आणि तैवानी रोपं. आणि तो इथल्या डब्यात शिरतो, हे काकांचं दुसरं दुःख. मी त्यांना देवगडच्या पेटीतून निघणाऱ्या परराज्यातल्या आंब्याची गोष्ट सांगितली. भाच्याने भाषांतर पूर्ण करायच्या आधीच ते हसायला लागले होते.

दिवस सहावा: अलीशान, शिझुओ

१३०० मीटरवर ढग खिडकीतून आत येतात. इथला चहा नवा, १९८० च्या दशकातला. थंडी आणि धुक्याने पान सावकाश वाढतं, जाड होतं, गोड होतं, आणि घरचं नवं गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजायला तयार होतं.

उन्हाळी तोडणी सुरू होती. बायका बहुतेक साठीच्या पुढच्या. जवळ गेल्यावर दिसलं की प्रत्येकीच्या तर्जनीला चिकटपट्टीने अर्धं ब्लेड बांधलंय. अंगठ्याने देठ ब्लेडवर दाबायचं, कट्, पान मुठीत. देठ चिरडला तर कडेने लाल पडतो म्हणून ही युक्ती. एकीने माझ्या बोटालाही ब्लेड बांधून दिलं. तिची मूठ भरून दोनदा रिकामी झाली तोवर माझ्या हातात अकरा पानं होती, आणि त्यातली चार तिने फेकून दिली. फार कोवळी होती. ऊलाँगला नुसती कळी चालत नाही. कळीची वाढ थांबून पानं उघडलेली हवीत. अशा थांबलेल्या कोंबाला आसामच्या बागांत 'बांझी' म्हणतात. तिकडे तो कमी प्रतीचा, इथे हाच हवा.

संध्याकाळी पानं उन्हातून आत आली. रात्री कारखान्यात. बांबूच्या गोल परातींवर पातळ थर, आणि तास-दीड तासाने एक माणूस येऊन दोन्ही हातांनी पानं वर उचलून झुळकन सोडतो. कडा एकमेकींवर घासतात, तिथून आंबणं सुरू होतं. दहा वाजता खोलीला कापलेल्या गवताचा वास होता. बारा वाजता काकडीचा. मी पोत्यावर बसून डुलक्या घेत होते. दोनच्या सुमाराला भाच्याने हलवलं, "मावशी, वास घे." खोलीत फुलं होती, सोनचाफा आणि थोडी रातराणी. मुख्य कारागीर परातीत तोंड घालून उभा राहिला, क्षणभर काही बोलला नाही, मग मान हलवली आणि सगळे एकदम धावले. तापल्या पिंपात पानं पडली, चरचर आवाज झाला आणि वास जागच्या जागी थांबला. पुढचं काम सकाळपासून: पानं कापडात घट्ट बांधून चेंडू करायचा, यंत्राखाली फिरवायचा, सोडायचा, पुन्हा बांधायचा. हे कित्येक वेळा. म्हणून ऊलाँगच्या त्या मिरीएवढ्या गोळ्या.

कारागिराला विचारलं, वेळ झाली हे कसं कळतं? तो म्हणाला, "चहा सांगतो." हे उत्तर जगातला प्रत्येक कारागीर देतो. पण त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, हेही मी पाहिलं.

दिवस सातवा: ताइपे, शिंचू

सकाळी विस्टेरिया टी हाउस. जपानी काळातलं लाकडी घर, दारात वेली, आत चटया. इथे पूर्वी कस्टम्स खात्याचे संचालक चौ तवेइ राहायचे, मार्शल लॉच्या काळात उदारमतवादी विचाराची मंडळी त्यांच्याकडे जमायची. १९८१ मध्ये त्यांच्या मुलाने, चौ यू यांनी, घराचं चहागृह केलं आणि सरकारविरोधी चळवळीतली माणसं, लेखक, चित्रकार इथे बसू लागले. मार्शल लॉ उठला १९८७ मध्ये. एका भांड्यात पाणी सहा-सातदा पडतं, दोन तास सहज जातात, कोणी उठवत नाही. गुपचूप बोलायचं असेल तर याहून सोयीचं पेय नाही. आपल्याकडेही कटिंगवर चळवळी चालल्या, पण उभ्याने.

माझ्यापुढे पुन्हा तो उंच पेला आला. या वेळी मी शहाण्यासारखा वास घेतला. तिथल्या बाईंनी सांगितलं की वासाचा वेगळा पेला ही इथलीच, तैवानातली शक्कल, जेमतेम चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची. म्हणजे ज्या पुरातन विधीत मी पहिल्या दिवशी नाक कापून घेतलं, तो माझ्याहून लहान निघाला.

परतताना भाच्याने मोत्यांचा दुधी चहा घेऊन दिला. ताइचुंगचं एक दुकान आणि ताइनानचं एक, दोघांचाही दावा की १९८० च्या दशकात तो आपण शोधला. दहा वर्षं कोर्टात भांडले. २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, याचं पेटंट नाही, कोणीही करावा. मोती कसाव्याच्या पिठाचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचे थोरले भाऊ. उपासाला चालतील का, हे मी आईला विचारणार नाही.

रात्री शिंचूला त्याच्या स्वयंपाकघरात बॅग भरली. ओरिएंटल ब्यूटीचा डबा कपड्यांच्या मधोमध, रुबी बाजूला. मग साध्या आसामीचं पुडकं फोडलं. पातेल्यात पाणी, ठेचलेलं आलं, साखर. गवती चहा नव्हता. मोठी पानं पाण्यात उलगडायला वेळ लागला, आपल्या सीटीसीसारखा रंग लगेच धरेना, तेव्हा आच वाढवून दोन उकळ्या जास्त काढल्या आणि दूध ओतलं. रंग आला. गाळणी नव्हती, चमच्याने पानं अडवून कप भरले.

भाच्याने कपाटातून एक बशी शोधून काढली, चहा तिच्यात ओतला, फुंकर घातली आणि लूगूच्या काकांसारखा भुरका मारला.

"थुंकायचं नाही हं," मी म्हटलं.